दिवसापुरती बहीण

दातवाल्या बाईंच्या पर्समध्ये त्या दिवशी ज्या वस्तू होत्या, त्या सहलीला निघालेल्या कुठल्याही शहाण्या बाईच्या पर्समध्ये सापडल्या नसत्या. रबराची एक वाटी, चपटी सुरी, माप घ्यायची पावडर, प्लास्टरची पुडी, आणि रुमालात गुंडाळलेले स्टीलचे दोन साचे, एक लहान तोंडाचा नि एक मोठ्या तोंडाचा. टॉवेल, कपडे आणि डबा वेगळ्या पिशवीत होते, आणि ती पिशवी शेजारच्या सीटवर ऐसपैस बसली होती. व्हॅनवाल्याने दोनदा विचारलं, "सोबत कोणी येतंय का?" पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "नाही." दुसऱ्यांदा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

बाई कवळ्या बनवायच्या. दवाखान्यांच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची प्रयोगशाळा होती. म्हणायचं प्रयोगशाळा, एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, मेणाचा वास आणि सगळीकडे पांढरी भुकटी. दाताचे डॉक्टर पुढच्या दारी पेशंटला गोड बोलून खुर्चीत बसवायचे, तोंडाचं माप घ्यायचे आणि ते माप मागच्या दाराने बाईंकडे यायचं. बाई त्यात प्लास्टर ओतायच्या, जबडा काढायच्या, मेणात एकेक दात लावायच्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं बाईंच्या दातांनी जेवत होती, आणि त्यांतल्या एकालाही बाई ठाऊक नव्हत्या. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. बाईंकडे दातही होते नि चणेही होते, समोर बसून चावणारं कोणी नव्हतं.

त्यांना हाक मारायला नातंच उरलं नव्हतं. आईवडिलांच्या त्या एकुलत्या. लग्नाचं जमवता जमवता जमवणारेच संपले. प्रयोगशाळेत त्या 'मॅडम', इमारतीत 'तिसऱ्या मजल्यावरच्या', आणि दुकानदाराला नुसत्याच 'बोला'. आपल्या भाषेत नात्यांचा काय तोटा आहे? ताई, माई, आत्या, मावशी, काकू, मामी, वहिनी, नणंद, जाऊ... कपाट भरून शब्द, आणि बाईंच्या अंगाला एकही बसत नाही. भांडायला जाऊ तरी असावी, असं त्यांना कधीकधी वाटे, आणि मग स्वतःचंच हसू येई.

आणि मागच्या वर्षी, ध्यानीमनी नसताना, त्या कोणाच्या तरी ताई झाल्या.

झालं असं की प्रयोगशाळेच्या मालकाला एकदम उदारपणाचा झटका आला आणि त्याने सगळ्यांना डोंगरातल्या मूळच्या लोकांचं गाव नि तिथली गरम पाण्याची कुंडं दाखवायला नेलं. गाव पाहुण्यांसाठी उभं केलेलं, पण माणसं तिथलीच. त्या लोकांची एक रीत आहे. परक्या माणसाने वेस ओलांडायची नाही. मग परका दारात आला तर काय करायचं? आधी त्याला नातं द्यायचं आणि मग आत घ्यायचं. वेशीत एक म्हातारी बसलेली असते. ती प्रत्येकाचं तोंड न्याहाळते, मनगटाला दोरा बांधते आणि सांगते, तू अमक्या घरचा मामा, तू तमकीची सून. मालकाला तिने जावई करून टाकलं. त्याने दिवसभर रुसून दाखवून सगळ्यांना हसवलं. बाईंना ती म्हणाली, "तू चटईवालीची थोरली बहीण."

चटईवाली धावतच आली. "ताई, किती उशीर केलास!" म्हणाली आणि हाताला धरून ओढत घेऊन गेली. चटईवर बसवलं, पाय दुखतात का विचारलं, पानावर भाजलेला कंद दिला. चाळिशीची असेल. हसताना तोंडावर हात न्यायची, कारण वरचा पुढचा एक दात नव्हता. बाईंनी बाकी काही पाहिलं नाही, तेवढं पाहिलं. शेजारचा दात मोकळ्या जागेकडे कलायला लागला होता. आणखी चारपाच वर्षांत सगळी रांग बिघडणार, हे त्यांना तिथेच दिसलं, आणि आपल्या माणसाचं दुखणं दिसावं तसं काळजात टोचलं.

निघताना बाई सवयीने म्हणाल्या, "येते हं." आपण निघताना 'जाते' कधी म्हणतो? चटईवालीने त्यांचा हात सोडला नाही. मान वाकडी करून तिने विचारलं, "कधी?"

सगळे खो खो हसले. या लोकांना आपलं 'येते' खरंच वाटतं, म्हणून. बाई हसल्या नाहीत. जन्मभर त्या येते, येते म्हणत आल्या होत्या, आणि कधी, असं विचारणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्या एका शब्दावर बाईंनी वर्ष काढलं. साठीला आलेल्या, हिशेबी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या बाई. पण आपल्याला धाकटी बहीण आहे आणि ती वाट बघते आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. जायचं तर निमित्त हवं. मग निमित्तही सापडलं: दात. एक खेप माप घ्यायला, दुसरी दात बसवून बघायला, तिसरी कुठे टोचत असेल तर घासायला. एका दाताच्या फटीत बाईंनी तीन भेटी बसवल्या होत्या. पुढच्या चौथीचंही बघता आलं असतं.

व्हॅन वेशीशी थांबली. ढोल वाजला. व्हॅनमधल्या बाकीच्या मंडळींनी फोटोसाठी फोन वर केले. म्हातारी तिथेच होती, अंगावर तेच भरतकाम, हातात तोच दोऱ्यांचा गुंडा. बाईंच्या मनगटाला तिने हिरवा दोरा बांधला. "तू मधवाल्याची आत्या."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "माझं नातं ठरलेलं आहे. मी चटईवालीची बहीण. मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलंत."

म्हातारीने गाइडकडे पाहिलं. गाइड तरणीताठी, गळ्यात ओळखपत्र, अगदी जिभेवर साखर. "काय आहे मॅडम, नातं त्या दिवसापुरतं असतं. दर वेळी नवीन. नाहीतर एकाच घरी गर्दी होते ना."

मागे रांग खोळंबली होती. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आत्या तर आत्या, घ्या ना. आम्ही आजोबा झालोय, तक्रार करतोय का?" लोक हसले. बाईंनी हिरवा दोरा बाहीखाली सरकवला आणि आत गेल्या. मधवाला 'आत्या, आत्या' करत सामोरा आला. त्याला त्यांनी "आलेच" म्हणून टोलवलं आणि तडक चटईच्या झोपडीशी जाऊन उभ्या राहिल्या.

आत चटई विणायला एक बाई बसली होती. तीच शाल, तसाच अंबाडा. दुसऱ्याच कोणा पाहुणीचा हात धरून ती म्हणत होती, "ताई, किती उशीर केलास!" मग ती हसली. बत्तीसच्या बत्तीस दात, एकही जागचा हललेला नाही. इतके धड दात बघून कोणाचं तोंड उतरल्याचं बाईंच्या धंद्यात कधी घडलं नसेल, पण त्यांचं उतरलं.

पाहुणी पुढे गेल्यावर बाईंनी विचारलं, "इथे आधी एक होती. पुढचा दात नव्हता तिला."

"ती होय? ती आता खाली कुंडावर." तिने सुताचा धागा दातांनी तोडला. "टॉवेल देते. तिला तेच बरं वाटतं."

नाच सुरू झाला, तेव्हा सगळी मंडळी मैदानात बसली आणि बाई एकट्याच पायऱ्या उतरून कुंडांकडे गेल्या. दोन दगडी वळणं घेतली की गंधकाचा वास येतो, मग वाफ दिसते, मग फरशी ओली लागते. बायकांच्या बाजूला एक खिडकी होती आणि खिडकीत ती होती. साधा झगा, पायात रबरी चपला, केस कापलेले. रस्त्यात दिसली असती तर बाईंनी ओळखलं नसतं. पण तिने जांभई दिली आणि दाताची फट दिसली. शेजारचा दात आणखी कलला होता.

"टॉवेल मोठा की लहान?" तिने विचारलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिने दोन्ही टॉवेल वर धरून दाखवले.

"लहान," बाई म्हणाल्या.

मग काय करणार? टॉवेल घेतला, कपडे बदलले, पाण्यात उतरल्या. पाणी चांगलंच गरम होतं. पलीकडे दोन बहिणी एकमेकींची पाठ चोळत कोणाच्या तरी सुनेची निंदा करत होत्या, अगदी मन लावून. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या बाईंना वाटलं, आपण उठून गेलो तर या पाण्याला तेवढं कळेल, पातळी बोटभर खाली जाईल, बाकी कोणाला काही नाही. रडू आलं. गरम पाण्याच्या कुंडात रडायची एक सोय असते, सगळ्यांचीच तोंडं ओली असतात.

वरून जेवणाची घंटा झाली तशी बायका भराभर निघून गेल्या. बाईंनी कपडे केले आणि पर्स घेऊन पुन्हा खिडकीशी आल्या. आता इतक्या लांब आलोच आहोत, तर हातचं काम तरी करून जावं, असा त्यांचा स्वभाव.

"मी दात बनवते," त्या म्हणाल्या. "तुझा तो दात मला करून द्यायचाय. फुकट. नुसतं माप घ्यायचं. गार पाणी आहे का?"

ती बाई चकित झाली, पण घाबरली नाही. टॉवेल नेणारी माणसं नाना तऱ्हेची असतात. "इथे गार पाणी कुठलं? नळालाही कोमटच येतं."

"कोमटात पावडर चटकन घट्ट होते. तोंडात जायच्या आतच."

"मग थांबावं लागेल." तिने मगात पाणी काढून सावलीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि बाईंना आत बोलावलं. आतली खोली म्हणजे टॉवेलांचे ढीग, एक बाक, एक स्टूल. दोघी पाणी निवायची वाट बघत बसल्या.

"वरचं काम का सोडलंस?" बाईंनी विचारलं.

"गाल दुखायचे." तिने गालावर हात ठेवला. "रोज बहिणी. सकाळी बहिणी, दुपारी बहिणी. घरी गेल्यावर सख्ख्या बहिणीशी बोलायचं जिवावर यायचं. इथे बरंय. मोठा की लहान, संपलं."

"मीपण होते. मागच्या वर्षी. तुझी बहीण."

तिने आदराने बाईंकडे नीट निरखून पाहिलं. "असाल. खूप होत्या."

बाईंनी सांगायला नको होतं, पण सांगितलं. "मी निघताना 'येते' म्हटलं. तू विचारलंस, कधी."

ती मनापासून हसली, तोंडावर हात नेऊन. "ते सगळ्यांनाच विचारायचं असायचं. गाइडबाईंनी शिकवलं होतं. तुमची माणसं लई हसतात त्याला."

झालं. बाईंचं वर्ष तिथे बाकावर संपलं. दातखिळी बसणं म्हणजे काय ते दातांत जन्म घालवलेल्या बाईंना त्या घटकेला कळलं. हे असलं काही तर वैऱ्याच्याही मनात आलं नसतं, आणि तिने तर ते हसत हसत सांगितलं, कपटाचा लवलेश नसताना. मगातल्या पाण्यात बोट घालून बघायचं म्हणून बाईंनी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी टपकलं ते मगातच.

ते बघून ती बाई एकदम उठली.

"थांब," ती म्हणाली. तिचं 'तुम्ही' गळून पडलं. "तू ती! अगं, तू ती ना? मुलगा बोलत नाही म्हणून रडली होतीस, चटईच्या मागे, माझ्या मांडीवर? सगळे नाच बघायला गेले होते आणि तू रडत होतीस. तूच ना?"

बाई कधी कोणाच्या मांडीवर रडल्या नव्हत्या. त्यांना मुलगा नव्हता. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर तो चेहरा होता, उत्सुक, काळजी लागलेला, इतक्या जवळ. असा चेहरा घेऊन कोणीही कधीही बाईंकडे पाहिलं नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या.

तिने त्यांना मिठीच मारली. टॉवेलांचा, साबणाचा, गंधकाचा वास आला. "ताई गं! किती वेळा आठवलीस तू मला! घरीसुद्धा सांगितलं मी. नवऱ्याला म्हटलं, शंभर बहिणी आल्या नि गेल्या, पण ती एक खरी होती. काय झालं असेल तिचं? आणि मी बघ, तोंडसुद्धा विसरले. रडताना तोंड वेगळं दिसतं ना! बोलतो का तो?"

"पाणी निवलं," बाई म्हणाल्या.

बाई कामाला लागल्या. पावडर घेतली, पाणी ओतलं, वाटीत सुरीने भराभर घोटलं. लहान साचा भरला. "आ कर. मोठा. नाकाने श्वास घे, मान पुढे कर." साचा बसवला आणि दोन बोटांनी वर दाबून धरला. मिश्रण घट्ट होईपर्यंत असं धरून ठेवावं लागतं. डॉक्टर लोक तेवढ्यात हवापाण्याचं बोलतात. बाईंनी आजवर जिवंत तोंडात क्वचितच हात घातला होता. त्यांना प्लास्टरच्या तोंडांची सवय. हे तोंड ऊबदार होतं, आणि त्याला काहीही विचारता येत नव्हतं. नुसते डोळे विचारत होते.

तेव्हा बाई बोलल्या.

"बोलतो," त्या म्हणाल्या. "आता बोलतो. आधी नुसतं हं हं करायचा. मग एकदा आपणहून फोन केला. म्हणाला, जेवलीस का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, काय? मग मी सांगितलं काय काय केलं होतं ते. आता रोज करतो. मी काम करून येते, जिना चढत असते, तेवढ्यात फोन वाजतो. मला धाप लागलेली असते. तो म्हणतो, बस आधी, मग बोल. मी बसते. मग बोलतो आम्ही."

हे सगळं कुठून येत होतं, बाईंना कळेना. एक वाक्य सांगितलं की पुढचं तयार असे. जिना खरा होता, धाप खरी होती, फक्त फोन नव्हता. समोरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, साच्याच्या दांडीवरून बाईंच्या बोटांवर आलं. तिला हात तोंडावर नेता येत नव्हता आणि शब्द काढता येत नव्हता. तिने बाईंचं दुसरं मनगट घट्ट धरलं, हिरव्या दोऱ्यावरूनच.

साचा निघाला. माप स्वच्छ आलं होतं, फट, कलता दात, हिरडीची कड, सगळं. तिने चूळ भरली आणि तोंड पुसायच्या आधी म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुला, बोलेल म्हणून? म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस," बाई म्हणाल्या.

"देवाला नाही, पण डोंगराला सांगितलं होतं मी. आज जीव भांड्यात पडला माझा."

बाईंनी कट्ट्यावरच प्लास्टर कालवून मापात ओतलं. मापाला घरी नेईपर्यंत धीर निघत नाही, ते आकसतं. ओल्या फडक्यात गुंडाळताना त्यांना एकदा वाटलं, अजून सांगावं. अगं, ती मी नव्हे. तीन शब्द नि एक हाक. पण ती बाई टॉवेलांच्या ढिगातला सगळ्यात मऊ टॉवेल निवडत होती, ताईला द्यायला, चोरून. आणि तोंडाने कुठल्याशा ओळी गुणगुणत होती. कोणाच्या तरी आनंदाचं कारण होऊन तिथे बसायचं, हे बाईंना फार आवडलं. एवढं आवडलं की लाज वाटली, आणि तरीही त्या बसून राहिल्या.

व्हॅन सुटायच्या वेळेला ती पायऱ्या चढून वेशीपर्यंत आली. शिफ्ट संपली नव्हती, तरी आली. गाइडने भुवया चढवल्या. तिने लक्ष दिलं नाही. "त्याला सांग, इकडे त्याला एक मावशी आहे म्हणून," ती खिडकीतून म्हणाली. "पुढच्या वेळी दात आणशील तेव्हा त्याचा फोटो आण." व्हॅन वळेपर्यंत ती हात हलवत होती, दुसरा हात तोंडावर न नेता हसत होती.

"बऱ्याच जुन्या ओळखीच्या दिसतात," व्हॅनवाला आरशातून म्हणाला. "कोण त्या?"

"बहीण," बाई म्हणाल्या. त्याने मान डोलावली. एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर आणखी काय विचारणार?

बाईंनी ओलं फडकं मांडीवर घेतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पण आजवर ते टेबलावर तापायचं. आता मांडीवर ऊब येत होती. दात उत्तम होणार होता, यात शंका नव्हती. रंगही नजरेने पकडला होता. तो घेऊन जायचं म्हणजे मुलाची बातमीही न्यायला हवी, फोटोचं काहीतरी बोलायला हवं. त्याला नोकरी लागली म्हणावं, लांबची. मन असं पुढे पुढे पळत होतं आणि मधेच कशाला तरी अडखळून थांबत होतं.

कशाला, ते त्यांना घाट उतरताना कळलं. ती दुसरी. कुठल्याशा गावात, कुठल्याशा खोलीत ती खरी बाई बसली असेल, आणि तिचा मुलगा आजही बोलला नसेल. अनोळखी बाईच्या मांडीवर रडून ती परत गेली आणि बहुधा विसरूनही गेली असेल. तिला माहीत नव्हतं की दूर डोंगरात एक जीव वर्षभर तिच्यासाठी झुरत होता, नवऱ्याजवळ तिचं नाव काढत होता, डोंगराला तिचं सांगत होता. साऱ्या जगात तिची काळजी करणारं तेवढं एकच माणूस असेल कदाचित. त्या माणसाला आज सांगून झालं होतं की सगळं छान आहे, आता काळजी करू नकोस.

बाईंनी व्हॅनवाल्याला थांबा म्हणायला तोंड उघडलं. त्याने आरशात पाहून विचारलं, "काही हवंय का?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि फडक्यातलं माप दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. ते अजून गरम होतं.